वैशाखांतील डोह

पंचांगांत चैत्र आणि वैशाख हे दोन महिने वसंत ऋतूचे म्हणून लिहिलेले असतात. संस्कृत काव्यांचा थोडाबहुत परिचय असलेल्यांस वसंत म्हटला कीं आम्रमंजरी, कोकिळ आणि मलयानिल हीं आठवावयाचींच. परंतु वसंताच्या उत्तरार्धांत, म्हणजे अक्षय्यतृतीया उलटल्यावर, सह्याद्रीच्या पायथ्याशीं एखाद्या नदीच्या पात्रांत उतरून पाहिलें असतां या वर्णनांतील एकहि गोष्ट तेथें लागू पडत नाहीं. जी नदी आपण पावसाळ्यांत पाहिली ती तेथें नसतेच. तेथें असतो तापलेल्या काळ्या गोट्यांचा एक रुंद रस्ता, आणि त्या रस्त्यावर मधून मधून राहिलेलें हिरवट, निश्चल पाणी. देशावर अशा पाण्यास डोह म्हणतात, कोंकणांत कोंड म्हणतात. वैशाखांतील नदी म्हणजे या कोंडांची माळ. मधला दोरा तेवढा तुटलेला असतो.

अशाच एका कोंडाविषयीं आज लिहावयाचें आहे. रायगड जिल्ह्यांत, महाड तालुक्यांत काळ नांवाची नदी आहे. रायगड किल्ल्याच्या वर्णनांत काळ आणि गांधारी हीं नांवें वाचकांनीं वाचलेलीं असतील. गडाच्या अंगच्या खोऱ्यांतून वाहणाऱ्या या दोन नद्या पुढें सावित्रीस मिळतात, आणि सावित्री बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. या काळ नदीच्या कांठीं वाळण म्हणून गांव आहे. गांवाजवळ नदीच्या पात्रांत वाळणकोंड नांवाचा खोल डोह असून कांठावर वरदायिनी देवीचें स्थान आहे. कोंडांतील मासे देवीचे मानलेले आहेत. ते कोणी धरीत नाहीं, मारीत नाहीं, खात नाहीं.

शाकाहारी घरांतील मनुष्यानें माशांवर लेख लिहावा याचें कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल, आणि आमच्या सारस्वत स्नेह्यांस तर हंसूंच येईल. पंतोजींना माशांतलें काय कळतें, असें ते विचारतील. चवीपुरतें त्यांचें म्हणणें मला मान्य आहे. परंतु नोकरीच्या निमित्तानें माझीं तीसांहून अधिक वर्षें नदीकांठच्या गांवांत गेलीं, आणि ज्या मुलांस मीं शुद्धलेखन शिकविलें त्यांपैकीं पुष्कळ मुलें भोयांचीं व कोळ्यांचीं होतीं. शब्दरूपावलींतलें त्यांच्या डोक्यांत किती राहिलें तें देव जाणे. पण कोणत्या महिन्यांत नदीचें पाणी कसें असतें आणि मासा कोठें असतो, हें त्यांनीं मला चांगलें शिकविलें.

वाळणकोंडास मी गेलों तो वैशाख वद्य पक्ष होता. एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनें गांवांत मुक्कामाची सोय झाली, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटेपासून दिवेलागणीपर्यंत कोंडाच्या कांठीं बसण्यास मिळालें. माझ्या मतें डोह पाहावयाचा तर असाच पाहावा. दुपारीं घटकाभर येऊन, चार चुरमुरे टाकून, मासे किती मोठे म्हणून परत जाण्यांत त्याचें स्वरूप कळत नाहीं.

कोंड म्हणजे काळ्या पाषाणांत नदीनें स्वतः कोरलेलें पात्र आहे. पुराच्या पाण्याबरोबर फिरणारे गोटे खडकांतील खळग्यांत अडकून गरगर फिरतात आणि जात्याप्रमाणें खडक दळीत खोल खोल जातात. कुकडी नदीवर निघोजचे रांजणखळगे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ही क्रिया सांगावयास नको. ज्या ठिकाणीं अशी कोरणी हजारों वर्षें चालली तेथें खोल कोंड तयार होतो. दोहों बाजूंस उभे खडक असल्यामुळें सूर्य डोक्यावर आल्याशिवाय ऊन पाण्याच्या तळाकडे जात नाहीं. महाडच्या भागांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैंत सावित्रीच्या पुरानें महाड शहराची काय दशा केली तें सर्वांनीं ऐकलेलें आहे. आणि त्याच खोऱ्यांत वैशाखांत बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठीं चढउतार करतात. पाऊस कितीहि पडो, उतार इतका तीव्र आणि खडक इतका कठीण आहे कीं पाणी थांबत नाहीं. थांबतें तें कोंडांत.

पहांटे उजाडूं लागलें तसें पाण्यावर जागोजाग लहान लहान वर्तुळें उमटूं लागलीं. बारीक मासे तोंडें वर करून पृष्ठभागाशीं आले होते. याचें कारण शाळेंतील शास्त्राच्या पुस्तकांतच आहे. पाणी जितकें ऊन तितका त्यांत प्राणवायु कमी विरघळतो. २० अंश तपमानाच्या एक लीटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, ३० अंशांस साडेसातच. त्यांत आणखी असें कीं, पाण्यांतील शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडतें, परंतु रात्रीं स्वतःच तो घेऊं लागतें. म्हणून वाहत्या पाण्याचा आधार तुटलेल्या डोहांत प्राणवायूचा सर्वांत मोठा दुष्काळ पडतो तो भर दुपारीं नव्हे, तर सूर्योदयापूर्वीं. आपण ज्या वेळेस प्रसन्न ब्राह्ममुहूर्त म्हणतों ती माशांची गुदमरण्याची वेळ असते.

मोठे मासे मात्र वेगळ्या ठिकाणीं होते. वरच्या अंगास गोट्यांतून पाझरून एक बारीक धार कोंडांत उतरत होती. धार म्हणजे काय, करंगळीएवढें पाणी. पण त्या धारेकडे तोंडें करून हात हात लांबीचे मासे ओळीनें उभे होते; शेपटीची किंचित् हालचाल सोडली तर अगदीं स्तब्ध. पडणारें पाणी हवेशीं घुसळलें जातें, आणि जेथें घुसळण तेथें प्राणवायु, हें त्यांस कोणीं सांगावें लागत नाहीं. गळ टाकणारे लोक वैशाखांत प्रथम हीच जागा हेरतात. त्यांच्या शास्त्राप्रमाणें पहांटे डोहाच्या तोंडाशीं, ऊन चढल्यावर खडकाच्या कपारीशीं सावलींत, आणि तिन्हीसांजेस उंबराखालीं मासा असावयाचा. याच दिवसांत उंबर पिकून गळतात, आणि फळ टप्प करून पाण्यांत पडलें कीं खालून सांवली वर येते. शिवाय या महिन्यांत पाणी आरशासारखें नितळ असतें. मासा माणसास दिसतो आणि माणूस माशास दिसतो. म्हणून गळकरी खडकाआड बसतो आणि आपली सावली पाण्यावर पडूं देत नाहीं. वाळणकोंडावर गळ कोणी टाकीत नाहीं, त्यामुळें तेथील मासे माणसाची सावली पाहून पळत नाहींत. उलट जवळ येतात.

दहाच्या सुमारास देवीच्या दर्शनास एक वृद्ध गांवकरी आले. कोंडावरच्या झुलत्या पुलावरून येतांना त्यांनीं मला पाहिलें, आणि दर्शन आटोपून शेजारीं सावलींत बसले. मीं पिशवींतून चुरमुरे काढले तेव्हां त्यांनीं हात धरला.

"गुरुजी, आतां नका. सांजच्याला टाका."

"कां बाबा? दुपारीं खात नाहींत कीं काय?"

"खात्यात कीं. तुमी दिलं तर न्हाय कोन म्हनंल? पन आतां पानी तापतंय. उगा वर बोलावलं तर त्यास्नी दम लागतो. ह्या दिवसांत मासा निजल्यागत राहतो. त्याला राहूं द्यावं."

या माणसानें प्राणवायूचें नांव ऐकलें होतें कीं नाहीं मला ठाऊक नाहीं; परंतु ऊन पाण्यांत माशास श्रम झेपत नाहींत हें तत्त्व त्यानें बरोबर सांगितलें. मीं चुरमुरे परत ठेविले.

कोंडांतील हे मोठे मासे महसीर कुळांतील आहेत. मराठींत यांस कोठें खडस, कोठें खडशी, कोठें देवमासा म्हणतात. अंगावर रुपयाहून मोठीं खवलीं, जाड ओठ, आणि तोंडाशीं लोंबणाऱ्या मिशा. जबड्यांत दांत नाहींत. दांत आहेत ते घशांत, आणि त्यांनीं तो गोगलगाय, खेंकडा, उंबराचें फळ, जें मिळेल तें भरडतो. याचाच दख्खनी भाऊ शास्त्रज्ञांच्या नोंदींत टॉर खुद्री या नांवानें आहे, आणि या नांवाची हकीकत मराठी माणसानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरींतील लष्करी अधिकारी. त्यानें दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा करून त्यांचें वर्णन लिहिलें, आणि १८३९ मध्यें पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या या माशास नांव देतांना लॅटिन शब्द शोधीत न बसतां येथील लोक ज्यास खुद्री म्हणत त्यास खुद्रीच म्हटलें. कोळस, नुक्ता हीं नांवेंहि त्यानें अशींच उचललीं. त्यामुळें जगांतील कोणत्याहि देशाच्या प्राणिशास्त्रज्ञास आज दख्खनच्या भोयांच्या तोंडचा शब्द लिहावा लागतो. आमच्या पंडितांनीं माशांस मत्स्य, मीन, झष असे पर्याय दिले, ते सर्व सुंदर आहेत. परंतु कोणता मासा कोणता हें सांगण्याचें काम भोयांनींच केलें.

पंडितांच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर माझ्या गुरूंस वाईट वाटेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत मानसोल्लास नांवाचा जो संस्कृत ग्रंथ रचला त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, गळ, दोरी, कोणत्या माशास कोणतें आमिष, हें सर्व त्यांत श्लोकबद्ध आहे. राजा दख्खनचाच. आणि त्याच्याहि पूर्वीं सुमारें चौदाशें वर्षें, अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत अमुक तिथींस मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत अशी आज्ञा आहे. त्यांत तीन चातुर्मासी पौर्णिमा, चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा आणि उपवासाचे दिवस येतात. मारण्याबरोबर विकण्याचीहि बंदी घालण्यांत त्या सम्राटाचें व्यवहारज्ञान दिसतें. बाजार उघडा ठेवून नदी बंद करतां येत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. वैशाखांत डोहांत जे मासे उरतात ते उरलेसुरले नव्हेत. तें पुढच्या वर्षाचें बियाणें असतें. मृग लागून पहिले मोठे पाऊस झाले कीं नदीचा तुटलेला दोरा पुन्हां जोडला जातो, गढूळ लोंढा येतो, आणि मासे प्रवाहाविरुद्ध वर चढूं लागतात. कोंकणांत यास वलगण म्हणतात, देशावर चढण. कित्येक लहान मासे भातखाचरांपर्यंत जातात. महसीर मात्र वरच्या अंगास, जेथें तळाशीं स्वच्छ खडी आहे आणि वाहतें पाणी आहे, अशा ठिकाणीं अंडीं घालतो. रोहू-कटल्यांच्या मानानें त्याचीं अंडीं थोडीं, वाढ मंद, आणि वयांत येण्यास कांहीं वर्षें लागतात. म्हणजे मैल दोन मैल नदीचा सगळा संसार वैशाखांत एका डोहांत गोळा झालेला असतो, तोहि अशक्त, दम लागलेला, नितळ पाण्यांत उघडा. धरण्यास इतका सोपा तो वर्षांत दुसऱ्या कोणत्याहि महिन्यांत नसतो, आणि नदीला त्याची इतकी गरजहि दुसऱ्या कोणत्याहि महिन्यांत नसते. समुद्रांतील यांत्रिक मासेमारीस आपल्या राज्यांत १ जून ते ३१ जुलै बंदी असते हें सर्वांस ठाऊक आहे. डोहांतल्या माशाचें संकट त्याच्या आधींच महिनाभर येऊन गेलेलें असतें.

हें संकट मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. १९८७ च्या उन्हाळ्यांत मी देशावर एका लहान नदीच्या कांठीं नोकरीस होतों. दोन पावसाळे वाईट गेले होते आणि गांवाखालीं एकच डोह राहिला होता. एका रात्रीं कोणीं तरी त्यांत विष कालविलें. पूर्वीं रानांत गेळाचीं फळें किंवा रामेठ्याची साल कुटून टाकीत. तिनें मासे झिंगून वर येत, आणि तोहि उपद्रव लहान नव्हता. परंतु या वेळीं शेतावर फवारण्याचें औषध होतें. सकाळीं मुलें शाळेंत आलींच नाहींत. जाऊन पाहतों तों पाण्यावर पांढरीं पोटें पसरलेलीं, बोटाएवढ्या पिलांपासून हातभर खडशीपर्यंत. मोठे मासे पहांटेच कोणी वेंचून नेले होते. लहानांस कोणी हात लावला नाहीं. बेडूक मेले, खेंकडे मेले, दोन दिवस गुरांस पाणी नव्हतें. त्या वर्षीं पाऊस चांगला झाला, नदीला पूर आला, पण चढणीला मासा आला नाहीं. दुसऱ्या वर्षीं नाहीं, तिसऱ्याहि वर्षीं नाहीं. मग माझी बदली झाली. वर्गांतील एक भोयाचा मुलगा, मोजणी-वजाबाकींत पक्का, तिसऱ्या पावसाळ्यांत मला म्हणाला, "गुरुजी, मुद्दलच गेलं, व्याज कुठनं यील?" चक्रवाढ व्याजाचा धडा मीं त्याला शिकविला होता, त्याचा असा उपयोग होईल असें मला वाटलें नव्हतें.

कायदा नाहीं असें नाहीं. १८७३ मध्यें सर्जन फ्रॅन्सिस डे यानें हिंदुस्थानांतील गोड्या पाण्याच्या माशांविषयीं सरकारास अहवाल दिला. त्याच वर्षीं मद्रास इलाख्यांतील हेन्री सलिव्हन टॉमस या मुलकी अधिकाऱ्याचें, गळानें मासे धरण्यावरचें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक निघालें. त्यांत महसीराची थोरवी गाइलेली आहे. पुढें १८९७ चा मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला आणि त्यानें पाण्यांत सुरुंग उडविणें व विष घालणें हे गुन्हे ठरविले. तेव्हांपासून सव्वाशें वर्षें उलटलीं. रात्रीं डोहाशीं कोण आहे हें पाहावयास मात्र कायदा स्वतः येऊं शकत नाहीं.

आणखी एक बाजू आहे, ती न सांगणें अन्यायाचें होईल. या खोऱ्यांतील कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि उन्हाळा सरत आला कीं परत येतात. हातांत पैसा नाहीं, रानांत कंद नाहीं, शेतीचें काम सुरू झालेलें नाहीं. अशा वेळीं ओढ्यांतील मासे आणि खेंकडे हाच त्यांचा जेवणांतला सकस घांस. आपण आमरसाच्या पंक्तीवरून उठून त्यांस अहिंसा सांगूं लागलों तर तें शोभणार नाहीं. हातानें, टोपलीनें, एका गळानें धरलेल्या माशानें नदी रिकामी झालेली मीं पाहिली नाहीं. नदी रिकामी होते ती सुरुंगानें, विषानें आणि बारीक डोळ्याच्या मोठ्या जाळ्यानें, आणि असें करणारे पुष्कळदां पोटासाठीं नव्हे तर एका रात्रीच्या मेजवानीसाठीं करतात.

म्हणून वाळणच्या पूर्वजांनीं जें केलें त्याकडे केवळ भाविकपणा म्हणून पाहावें असें मला वाटत नाहीं. सबंध नदीवर बंदी घातली असती तर ती कोणीं पाळली नसती. त्यांनीं एक खोल, थंड, न आटणारा कोंड देवीस दिला. तेथील मासा देवीचा. बाहेर गेलेला मासा ज्याचा त्याचा. धान्याच्या कणगींतून बियाण्याचें पोतें वेगळें काढून देव्हाऱ्याखालीं ठेवण्याची रीत आमच्या आजीच्या घरीं होती. भूक लागली तरी त्या पोत्यास कोणी हात लावीत नसे, कारण तें देवाजवळ होतें. इंद्रायणीच्या कांठीं देहूस, वैतरणेवर तिळसें येथें, अशा कित्येक देवस्थानांपुढच्या डोहांत मासे राखण्याची रीत होती. परंतु कोंड राखला म्हणजे सर्व झालें असेंहि नाहीं. वरच्या अंगास चढणीच्या वाटेंत बंधारा उभा राहिला, किंवा अंडीं घालण्याची खडी वाळू-गोट्यांबरोबर उपसून नेली, तर देवीच्या दारांतील मासे वर्षानुवर्षें म्हातारे होत राहतील आणि पाहणाऱ्यास सर्व कांहीं ठीक आहे असें वाटेल. मोठे मासे दिसतात म्हणून समाधान मानूं नये. बोटाएवढे दिसतात कीं नाहीं तें पाहावें. मीं संध्याकाळीं मुद्दाम पाहिलें. उथळ कडेस, गोट्यांच्या आड, पिलांचे थवे होते.

लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् तलावांजवळ १९७० च्या सुमारास सी. व्ही. कुलकर्णी यांनीं खुद्रीचीं अंडीं कृत्रिम रीतीनें फलवून पिलें वाढविण्यांत यश मिळविलें. तेव्हांपासून अशीं पिलें अनेक जलाशयांत सोडण्यांत आलीं. हें काम मोठें आहे, त्यास मी हात जोडतों. तरी पण ज्या नदींत वैशाखाचा डोह शिल्लक नाहीं तेथें जुलैंत पिलें सोडून पुढल्या मे महिन्यांत तीं कोठें राहावयाचीं?

उन्हें उतरल्यावर ते वृद्ध बाबा पुन्हां आले. त्यांच्या सांगण्यावरून मीं आतां चुरमुरे टाकले. पाणी एकदम जिवंत झालें. दुपारभर खडकाखालीं काळ्या लाकडांसारखे पडलेले मासे वर आले, आणि त्यांच्या खवल्यांवर तिरपें ऊन पडून तांब्यासारखा रंग दिसला. पावसाळ्यांत हे येथेंच असतात कां, असें मीं विचारलें.

"पैला लोंढा आला कीं जात्यात वरतीं. मंग कोन दिसत न्हाय. आमी बी बगाया येत न्हाय, पानी लई असतं."

"आणि परत?"

"नवरात्रांत देवीला येतों तवा असत्यात. समदे असत्यात असं न्हाय."

ज्यांस सहकुटुंब जावयाचें असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. कोंकण रेल्वेनें आल्यास वीर स्टेशनावर उतरून महाड गांठावें, आणि तेथून वाहनानें वाळण. सकाळीं लवकर किंवा चार वाजल्यानंतर कोंडावर जावें. कोंडाचे खडक गुळगुळीत व कडे उभे आहेत. मुलांचा हात सोडूं नये आणि पाण्यांत उतरूं नये. चुरमुरे न्यावयाचे तर कागदांत न्यावे, मूठभर पुरे, आणि तेहि उन्हांत टाकूं नयेत.